हेड बसवलं, पण काहीतरी चुकलं? आधी इंजिन बंद करा, मग हे वाचा

*अवजार केंद्राचा संदेश: इंजिन दुरुस्ती*



ऐन पेरणीच्या तोंडावर आपल्या एका सभासदाचा रात्री फोन आला. "भाऊ, ट्रॅक्टरचं हेड काल बसवलं, गॅस्केट नवं टाकलं. आज दोन तास चालवला तर गरम झाला, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत. नट अजून थोडे आवळू का?"

मी म्हणालो, "एकही नट आवळू नका. इंजिन बंद ठेवा, सकाळी येतो."

सकाळी काय सापडलं ते शेवटी सांगतो. आधी हा पाठ नीट वाचा. संदेश मोठा आहे, साठवून ठेवा. विहिरीवरचं एका सिलिंडरचं इंजिन असो की ट्रॅक्टरचं तीन-चार सिलिंडरचं, नियम तेच आहेत.

मुख्य गोष्ट एकच: *हेड बसवताना झालेल्या काही चुका हेड न उघडता सुधारतात, काही उघडल्याशिवाय सुधारतच नाहीत. कोणती चूक कुठल्या खात्यातली, हे ओळखायचं.* न ओळखता नुसतं आवळत बसलो तर शंभर रुपयांची चूक ब्लॉकपर्यंत जाते.

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर स्वतः काही उघडू नका, सर्व्हिसवाल्याला बोलवा.

*१) गॅस्केट काय काम करतं?*

हेड आणि ब्लॉकच्या मध्ये गॅस्केट असतं. ते एकाच वेळी तीन गोष्टी अडवतं: सिलिंडरमधला जळता गॅस, थंड करणारं पाणी आणि ऑईल. हे तिन्ही आपापल्या वाटेनं जायला हवेत. हेड सगळीकडून सारखं दाबलं गेलं तरच ते जमतं. एका कोपऱ्यात दाब कमी पडला की गॅस पाण्यात जातो, पाणी ऑईलमध्ये जातं, नाहीतर सगळंच बाहेर पाझरतं.

म्हणून "घट्ट" याच्यापेक्षा "सारखं" हा शब्द महत्त्वाचा. जास्त आवळलेलं हेड वाकतं, स्टड ताणला जातो, आटे निघतात. सारखं आवळलेलं हेड टिकतं.

*२) लक्षणं ओळखा*

▪️ *रेडिएटरमध्ये बुडबुडे.* इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढा, मगच चालू करा. पहिली काही मिनिटं थोडे बुडबुडे आले आणि थांबले, तर ती आत अडकलेली हवा. बुडबुडे थांबतच नाहीत, रेस वाढवली की वाढतात, तर तो सिलिंडरचा गॅस. *गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नका.* उकळतं पाणी उडून तोंड-हात भाजतात.

▪️ *ऑईल दुधी, चहासारखं.* काडी काढून बघा. रंग बदलला असेल किंवा ऑईलची पातळी आपोआप वाढली असेल, तर ऑईलमध्ये पाणी आहे. अशा ऑईलवर इंजिन पाच मिनिटंसुद्धा चालवू नका. बेअरिंगला वंगण मिळत नाही.

▪️ *पांढरा धूर.* थंडीच्या सकाळी सुरुवातीला थोडा येतो, तो चालतो. इंजिन तापलं तरी वाफेसारखा येतच राहिला आणि पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय.

▪️ *शेजारच्या दोन सिलिंडरना कॉम्प्रेशन कमी.* बहुतेक वेळा त्या दोघांच्या मधली गॅस्केटची पट्टी उडालेली असते.

▪️ *टिक-टिक आवाज, किंवा सुरू व्हायला जड.* आधी टॅपेट तपासा. गॅस्केटला दोष नंतर द्या.

▪️ *एअर कूल्ड इंजिनात* पाणीच नसतं. तिथं हेडच्या सांध्यातून "फुस-फुस" आवाज आणि काळा काजळीचा डाग ही खूण.

*३) हेड न उघडता सुधारणाऱ्या चुका*

*अ. पाण्यात हवा अडकली.* हेड काढताना पाणी सोडलेलं असतं. परत भरताना घाईनं ओतलं की वरच्या भागात हवा अडकते. तिथं पाणी पोचत नाही आणि इंजिन गरम होतं. लोकांना वाटतं गॅस्केट गेलं. उपाय: इंजिन थंड करा, पाणी-कूलंट सावकाश भरा, झाकण काढून इंजिन कमी रेसवर चालवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाते, तेव्हा भर घाला. मग झाकण लावा.

*आ. टॅपेटचं अंतर चुकलं.* अंतर कमी ठेवलं तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन सुटतं आणि कालांतरानं व्हॉल्व्ह जळतो. जास्त ठेवलं तर आवाज येतो आणि व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही. ज्या सिलिंडरचं अंतर बघायचं त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी अगदी वर हवा. ओळख सोपी: त्या सिलिंडरचे दोन्ही पुश रॉड बोटांनी सहज फिरतात. अंतर इंजिन थंड असताना बघायचं की गरम, आणि किती ठेवायचं, हे इंजिनच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असतं. तेच घ्या. शेजाऱ्याच्या इंजिनचा आकडा आपल्याला लागू नाही.

*इ. पुश रॉड जागेवर बसला नाही.* रॉकर आवळताना पुश रॉड वाटीतून निसटलेला राहतो. सेल्फ मारला की वाकतो. म्हणून सुरू करण्याआधी इंजिन हातानं *पूर्ण दोन फेरे* फिरवा. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं एक चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होतं. कुठं अडकलं तर जोर लावू नका, रॉकरचं झाकण काढून बघा.

*ई. नोझलखाली दोन वॉशर.* ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोझल काढलं की तांब्याचा जुना वॉशर कधीकधी भोकातच चिकटून राहतो. मी वरून नवा टाकला. नोझल वर राहिलं, फवारा चुकीच्या जागी पडू लागला, इंजिन काळा धूर टाकत राहिलं. मी दोन दिवस पंपात दोष शोधत बसलो. भोकात बॅटरी मारून बघा. जुना काढा, नवा एकच टाका.

*उ. डिझेलच्या नळीत हवा.* इंजिन फिरतं पण पेट घेत नाही, धूरही नाही. हेडचा दोष नसेलही. फिल्टर आणि पंपावरची हवा आधी काढा. चालू नोझलच्या फवाऱ्यासमोर हात नेऊ नका, तो दाब कातडीत घुसतो.

*४) हेड उघडावंच लागणाऱ्या चुका*

इथं मनाची तयारी करा. आणि एक नियम पाठ करा: *एकदा दाबलं गेलेलं गॅस्केट सुटलं की ते वापरलेलं झालं. परत बसवताना नवंच टाकायचं.* दोन तासच चालवलं होतं, हा युक्तिवाद गॅस्केटला कळत नाही.

*क. गॅस्केट उलटं किंवा दुसऱ्या मापाचं.* वरची बाजू दाखवणारी खूण बघा. खूण नसेल तर ब्लॉकवर ठेवून पाण्याचं आणि ऑईलचं प्रत्येक भोक जुळतंय का ते बघा. काही डिझेल इंजिनांत एकाच गॅस्केटच्या वेगवेगळ्या जाड्या येतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावरून जाडी ठरते. पातळ टाकलं तर पिस्टन हेडला लागू शकतो, जाड टाकलं तर कॉम्प्रेशन कमी होतं. दुकानात जाताना जुनं गॅस्केट सोबत न्या.

*ख. गॅस्केटला सिलिकॉन, शेलॅक, ग्रीस फासलं.* पुस्तिकेत सांगितलं नसेल तर काहीही लावायचं नाही. जास्तीचा सिलिकॉन दाबून बाहेर येतो आणि ऑईलची बारीक वाट बुजवतो. मग रॉकरला ऑईल पोचत नाही.

*ग. पृष्ठभाग नीट साफ केला नाही.* जुन्या गॅस्केटचा नखाएवढा तुकडाही हेड तिरकं बसवतो. पण साफ करायला सँड पेपर घासत बसू नका, त्याची रेती ऑईलमध्ये जाऊन बेअरिंग खाते. लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा. ॲल्युमिनियमच्या हेडला तर लोखंडी खरवडणी लावूच नका. सिलिंडर आणि भोकं फडक्यानं झाका आणि *फडकी मोजून ठेवा.* बसवताना तेवढीच परत आली पाहिजेत.

*घ. हेड वाकलेलं असताना बसवलं.* जे इंजिन एकदा उकळलंय त्याचं हेड तपासल्याशिवाय बसवायचं नाही. सरळ स्टीलची पट्टी उभी-आडवी-तिरपी ठेवा आणि खालून फिलर गेजचं पान घालून बघा. मर्यादा इंजिनप्रमाणे बदलते, बहुतेक ठिकाणी ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास असते. त्यापेक्षा जाड पान सहज गेलं तर फेसिंग करून आणा. फेसिंग केल्यावर व्हॉल्व्हची खोली आणि नोझल किती बाहेर येतं हे वर्कशॉपकडून मोजून घ्या. धातू कमी झाला की ही मापंही बदलतात.

*च. हेड काढलेलं असताना इंजिन फिरवलं.* ही चूक फार कमी जणांना माहीत आहे. पाण्यातला लायनर हेडच्याच दाबानं जागेवर असतो. हेड नाही आणि पिस्टन वर आला, की लायनरही उचलला जाऊ शकतो. त्याच्या खालच्या रबरी रिंगा हलतात आणि पाणी थेट ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं. गॅस्केट नवं, हेड सरळ, तरी ऑईल दुधी, असं असेल तर इथं शंका घ्या. फिरवायचंच असेल तर लायनर पट्टी आणि नटानं दाबून ठेवा. गॅस्केट पुनःपुन्हा जात असेल तर लायनर ब्लॉकच्या वर ठरल्याप्रमाणे येतो का, तेही मोजून घ्या.

*छ. क्रम चुकवून आवळलं.* एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आवळत गेलं की हेड पाटासारखं वाकतं. क्रम नेहमी *मधून बाहेर, समोरासमोर.* चार स्टडचं हेड असेल तर कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. तीन टप्पे: आधी ठरलेल्या टॉर्कच्या एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. उघडताना उलट, बाहेरून मध्ये, आणि इंजिन थंड असतानाच.

*ज. टॉर्कचं एकक चुकलं.* पुस्तिकेत न्यूटन-मीटर, पान्यावर फूट-पाउंड, असं होतं. १०० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण ७४ फूट-पाउंड, किंवा साधारण १०.२ किलोग्रॅम-मीटर. कुणी फूट-पाउंडच्या आकड्यावर १०० लावले तर ते १३६ न्यूटन-मीटर होतात, म्हणजे ३६ टक्के जास्त. असं आवळलेले स्टड-बोल्ट ताणले गेलेले असू शकतात. तेही बदला.

*झ. वेगवेगळ्या हेडचं इंजिन.* काही इंजिनांना प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र हेड असतं. ती आवळण्याआधी मॅनिफोल्डची बाजू सरळ पट्टीनं एका रेषेत आणावी लागते. नाहीतर नंतर मॅनिफोल्ड आवळताना हेड ओढलं जातं, आणि धूर किंवा हवा सांध्यातून सुटते.

*५) पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर*

इथं सगळ्यात मोठं नुकसान होतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टनवर पाणी असताना सेल्फ किंवा हँडल मारलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन एकाएकी अडकल्यासारखं झालं तर थांबा. नोझल काढा, इंजिन हातानं सावकाश फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. त्या वेळी भोकासमोर तोंड नेऊ नका. मग हेड उघडा. दुरुस्तीनंतर ऑईल आणि फिल्टर बदला, थोडा वेळ चालवा, आणि ऑईल परत एकदा बदला. पहिल्या बदलात आतलं सगळं पाणी निघत नाही.

*६) परत आवळायचं का?*

जुन्या पद्धतीच्या बऱ्याच इंजिनांत, इंजिन एकदा तापवून थंड झाल्यावर नट परत ठरलेल्या टॉर्कवर तपासायला सांगितलेलं असतं. पण जिथं बोल्ट अंशाच्या कोनात फिरवून आवळतात, तिथं बहुतेक वेळा परत आवळायचं नसतं, आणि बोल्टही नवे लागू शकतात. म्हणून पुस्तिका बघा. परत तपासायचं असेल तर त्याच क्रमानं, *एका वेळी एकच नट.* सगळे एकदम सैल केले तर गॅस्केट गेलंच समजा.

आणि परत आवळल्यावर *टॅपेट पुन्हा तपासा.* गॅस्केट बसलं की हेड किंचित खाली येतं, हेडबरोबर रॉकरही खाली येतो, पण पुश रॉड तेवढाच लांब असतो. म्हणून टॅपेटचं अंतर कमी होतं. हेड बसवल्यावर पहिले काही दिवस इंजिन छान चालतं आणि मग सुरू व्हायला जड जातं, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

*७) त्या सभासदाच्या ट्रॅक्टरला काय झालं होतं?*

सकाळी थंड इंजिन चालू करून बघितलं. बुडबुडे थांबत नव्हते, रेसबरोबर वाढत होते. म्हणजे गॅस. पाणी सोडलं, क्रमानं नट सैल केले, दोघांनी मिळून हेड उचललं. गॅस्केटवर दोन सिलिंडरच्या मध्ये काळी रेघ. आणि तिथल्याच दोन बोल्टची टोकं ओली.

कारण तिथं होतं. आधी हेड उचलताना पाणी आणि ऑईल त्या दोन भोकांत सांडलं होतं. ती भोकं खालून बंद असतात. सभासदानं टॉर्क पान्यानं, योग्य क्रमानं, अगदी मन लावून आवळलं होतं. पण बोल्ट त्या साचलेल्या पाण्यावर जाऊन टेकला. पान्यानं "झालं" म्हणून टक् केलं, आणि हेड मात्र दाबलंच गेलं नव्हतं. माणसानं सगळं नीट केलं होतं. फक्त भोकं पुसली नव्हती.

अजून आवळलं असतं तर? आत अडकलेलं पाणी दाबलं जात नाही, मग तडा जातो तो ब्लॉकला. मग पेरणीच काय, हंगाम गेला असता.

आम्ही भोकं फडक्यानं पुसली, हवा मारली, बॅटरी लावून तळ कोरडा आहे हे बघितलं आणि तडा शोधला. तडा नव्हता. आटे साफ केले. हेड पट्टीवर तपासलं, सरळ होतं. नवं गॅस्केट, तीन टप्पे, टॅपेट, हातानं दोन फेरे, हवा काढून पाणी. संध्याकाळी इंजिन चालू झालं, बुडबुडे नाहीत. एक गॅस्केट आणि दीड दिवस गेला. तिसऱ्या दिवशी पेरणी झाली.

तो म्हणाला, "भाऊ, रात्री आवळलं असतं तर?" मी काही बोललो नाही. त्यानं नाही आवळलं, फोन केला, हेच मोठं काम केलं.

*८) बसवण्याआधीची छोटी यादी*

✔️ इंजिन थंड, पाणी सोडलेलं
✔️ बोल्टची भोकं कोरडी, आटे साफ
✔️ दोन्ही पृष्ठभाग साफ, पट्टीवर तपासलेले
✔️ गॅस्केट नवं, बाजू बरोबर, भोकं जुळलेली
✔️ आट्यांना पुस्तिकेत सांगितलं असेल तेवढंच ऑईल
✔️ मधून बाहेर, तीन टप्पे, एकक तपासलेलं
✔️ नोझलखाली एकच नवा वॉशर
✔️ पुश रॉड जागेवर, टॅपेट बरोबर
✔️ हातानं दोन पूर्ण फेरे
✔️ फडकी मोजली, एकही कमी नाही

टॉर्क पाना आणि फिलर गेज कंपनीच्या अवजार केंद्रात आहे. सभासदांना रजिस्टरमध्ये नोंद करून एका दिवसासाठी मिळतो. अंदाजानं, पाइप लावून हेड आवळू नका.

अडचण आली तर या क्रमांकावर पाठवा: ऑईलच्या काडीचा फोटो, थंड इंजिनच्या रेडिएटरचा छोटा व्हिडिओ, आणि इंजिनच्या पट्टीचा फोटो. एवढ्यावरून बऱ्याच वेळा सांगता येतं की उघडायचं की नाही. आणि उत्तर येईपर्यंत इंजिन बंद ठेवा.

हा संदेश गावातल्या मिस्त्रींनाही पाठवा.

— अवजार केंद्र